सुबल मेहेरचे हात

१४ जुलै, सोमवार

जामिनाचे अकरा अर्ज! एकाच खटल्यातले, एकाच दिवशी. शिरस्तेदारानं गठ्ठा टेबलावर आदळला तो माझा चहा सांडला. आधीच डोकं दुखत होतं.

कुसुमडिहीच्या बाजाराचं प्रकरण. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी मे महिन्यात कुणीतरी मोबाइलवरून आवई उठवली. बाजारच्या दिवशी लोकांनी स्टीलची भांडी विकणाऱ्या दोन परप्रांतीय भावांना धरलं. थोरला, फागू साव, जागीच गेला. धाकटा बिगन वाचला, पण डोक्याला मार. नातेवाईक त्याला गावी घेऊन गेलेत, अजून शब्द फुटत नाही म्हणे. आणि मूल कुणाचंच हरवलं नव्हतं. एकसुद्धा नाही!

हे कुणाशी बोलायची सोय नाही. नवरा कटकला, फोनवर म्हणतो, "तू जेवलीस का ते सांग, खटले नको." बदलीच्या गावात न्यायाधीशानं शेजारी जोडायचे नसतात. म्हणून ही वही.

१६ जुलै

जमावाचा कायदा सांगायला सोपा आहे. पाच किंवा जास्त माणसं एका हेतूनं जमली की एकानं मारलं तरी सगळ्यांनी मारलं. पण जामिनाच्या वेळी तसं धरून चालत नाही. तेव्हा एकेकाला बाजूला काढून बघायचं — याच्या हातात काठी होती का, पहिला फटका कुणाचा, नुसता बघत कोण होता. मेथीची जुडी निवडावी तसं.

आज प्रद्युम्न नाएकचा अर्ज. रेशनदुकानवाला, पंचायतीत त्याचा शब्द चालतो. त्याचे वकील सत्पथी उभे राहिले की आमचं कोर्ट नाटकाचं थिएटर होतं. फिर्याद गावच्या चौकीदाराची. त्यानं दहा नावं एकाच वाक्यात घातलीत — "या सर्वांनी मिळून लाथाबुक्क्यांनी व काठ्यांनी मारहाण केली."

"मॅडम," सत्पथी म्हणाले, "चौकीदारानं फिर्याद दिलीय की हजेरी घेतलीय?"

सगळे हसले. मीसुद्धा. आत्ता लिहिताना लाज वाटते. एक माणूस मेलाय त्यात.

सरकारी वकील होताबाबू कागद चाळत राहिले. "मॅडम, गर्दी होती... चौकीदार एकटाच..." एक व्हिडिओ आहे, पण तो उशिरा सुरू होतो. तेव्हा बरेचसे मारणारे पांगलेले. त्यात नाएक दिसत नाही.

१८ जुलै

नाएकला जामीन दिला. विशिष्ट कृत्य कोणतंच नाही, दोषारोपपत्र दाखल झालंय, पळून जाईल असं दिसत नाही. आदेश तीन पानी. वरच्या कोर्टात गेला तरी कुणाला बोट ठेवता येणार नाही.

संध्याकाळी सुकांती मावशी भाजी घेऊन आली. ही माझ्याकडे स्वयंपाकाला येते, तोंडाला लगाम नाही. "बाजारात फटाके वाजतायत. नाएकबाबूला झेंडूचे हार घालून जीपमधून नेलं. लग्न होतं का मॅडम कुणाचं?"

"भाजी निवड," म्हटलं. कोर्टातलं घरात नको. तिला हे ठाऊक आहे, तरी कुरापत काढतेच.

२२ जुलै

बाकीचे नऊ. सत्पथींना आज घसा ताणायची गरजच पडली नाही. "नाएकला ज्या वाक्यावर दिलात मॅडम, त्याच वाक्यात हे नऊ आहेत. त्याला एक न्याय, यांना दुसरा?"

नाही म्हणू शकले नाही. एकाला दिला की तशाच दुसऱ्याला द्यावा लागतो — हे तत्त्व चांगलंच आहे, गरिबाला तेच वाचवतं. नऊच्या नऊ सुटले. होताबाबू बाहेर पडताना पुटपुटले, "आता एक उरला. तो तरी राहू दे देवा!"

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

५ ऑगस्ट

उरलेला अकरावा. सुबल मेहेर, विणकर, वय चौतीस. घरी म्हातारी आई, दुसरं कुणी नाही.

हा त्या वाक्यात नाहीच. ह्याचं नाव व्हिडिओमुळे आलं. मोबाइल माझ्या हातात दिला होताबाबूंनी. बिगन जमिनीवर पडलाय. हा त्याच्यावर वाकलाय, गुडघा त्याच्या छातीशी टेकलेला, हातात गमछा, आणि तो गमछा हा दोन्ही हातांनी खेचतोय. जोर लावून. मग कुणाचा तरी खांदा मध्ये येतो आणि संपलं.

"गळा आवळतोय मॅडम. याहून विशिष्ट कृत्य काय हवं?" होताबाबूंना इतक्या दिवसांनी आज कुठे सूर सापडला होता.

सुबलची वकील लिप्सा बाग. मोफत विधी सेवेतून मिळालेली, नवी आहे, पण पोरीची जीभ अडखळत नाही. म्हणाली, तो गमछा डोक्याला बांधत होता, रक्त थांबवायला. पोलीस गावात आले तेव्हा बाकी सगळे शेतात पळाले. हा घरी हातमागावर बसलेला. व्हिडिओ दाखवला तर म्हणाला, हो, हा मीच.

"बाकीचे म्हणाले आम्ही तिथे नव्हतोच, ते घरी गेले. हा म्हणाला मी होतो, हा आत आहे. पळाला नाही हेच चुकलं का त्याचं, मॅडम?"

"भाषण नको," मी म्हटलं. का म्हटलं? भाषण नव्हतं ते.

६ ऑगस्ट

व्हिडिओ पुन्हा पाहिला. पुन्हा. डोकं आणि गळा यांच्यामध्ये वीतभर अंतर, आणि त्या अंतरावर चित्र इतकं हलतं की काही म्हणता काही दिसत नाही. मला खेचणं दिसतं.

जामिनाच्या वेळी पुरावा तोलत बसायचं नाही, ते खटल्याचं काम. मी किती आदेशांत हे वाक्य लिहिलंय! सोयीचं वाक्य आहे. तोलायचं नाही म्हणायचं, आणि गळा आवळला की डोकं बांधलं यातलं एक मात्र मनात धरायचं.

७ ऑगस्ट

मोठ्या साहेबांकडे, म्हणजे आमच्या जिल्हा न्यायाधीशांकडे, चहा. सहज म्हणून बोलावलं होतं. सहज काही नसतं. बिस्किटाची बशी पुढे सरकवत म्हणाले, "दहा सोडलेत ना तुम्ही त्या बाजारवाल्या प्रकरणात? कायद्यानं ठीकच. पण वर तुमच्याविरुद्ध निनावी अर्ज गेलाय म्हणे. जामीन दिला की शंभर जण विचारतात का दिला. नाकारला की कुणी विचारत नाही. मी तुम्हाला काही सांगत नाहीये हं!"

नाहीच सांगितलं त्यांनी काही. वरचं कोर्ट तर उलट आम्हाला सारखं बजावतं — घाबरून नाकारू नका. घाबरायचं थांबवायचं कसं ते कुणी शिकवत नाही. माझ्या निवृत्तीला चार वर्षं आहेत आणि मला कटकला बदली हवीय.

८ ऑगस्ट

नाकारला.

११ ऑगस्ट

कोर्टाच्या फाटकापाशी एक म्हातारी बसलेली असते. गाडी आत शिरली की उभी राहते. काही मागत नाही, हात जोडत नाही, नुसती उभी राहते आणि गाडी गेली की बसते. शिपायाला विचारलं. "सुबल मेहेरची आई, मॅडम. गुरुबारी. हाकलू का?"

"बसू दे. तुझ्या डोक्यावर बसलीय का?" उगाच त्याच्यावर खेकसले.

२२ ऑगस्ट

लिप्सा पुन्हा आली. आता पूर्ण जामीन नको, फक्त नुआखाईपुरता सोडा. सणापुरता. पोलीस बरोबर द्या हवं तर.

मी कटककडची. आमच्याकडे नुआखाईचं एवढं नाही. इकडे राज्याच्या पश्चिमेला दिवाळी एकवेळ चुकेल पण हा सण नाही. सगळी गावी परततात, घरातला कर्ता पुरुष नवा तांदूळ देवीपुढे ठेवतो, मग तोच प्रत्येकाच्या हातावर घालतो. त्याच्याआधी नवा दाणा तोंडात घालायचा नाही. मेहेरांच्या घरात कर्ता पुरुष एकच. तो माझ्या आदेशानं आत.

होताबाबू: "गावात तणाव आहे मॅडम."

लिप्सा: "हार घालून जीप फिरली तेव्हा नव्हता का तणाव?"

तारीख म्हणून सुबललाही आणलं होतं. पहिल्यांदाच नीट पाहिला. किरकोळ माणूस, बोटं रंगानं निळसर, तो रंग तुरुंगातही गेला नव्हता. मध्येच म्हणाला, "हुजूर, एकच दिवस. आईला वाढून परत येतो. खरंच येतो."

"वकिलामार्फत बोला," मी म्हटलं.

मग आदेश सांगितला — परिस्थितीत बदल नाही, सण हे कारण पुरेसं नाही. नाकारला. या वेळी तर माझ्या मानेवर कायद्याचं ओझंही नव्हतं. एक दिवस द्यायचा की नाही हे पूर्णपणे माझ्या हातात होतं! निनावी अर्ज डोळ्यांपुढे आला आणि माझ्या तोंडून नाही निघालं. बस्स, एवढंच झालं.

२८ ऑगस्ट, गुरुवार. नुआखाई

सुट्टी. मावशी नवी साडी नेसून डबा घेऊन आली. नव्या तांदळाची खीर, वर तूप. वाकून जुहार केला. मी म्हटलं, आशीर्वाद.

"आज भांडण मिटवायचं असतं मॅडम. वर्षभराचं वैर असलं तरी दारात जाऊन जुहार करायचा. नाएकबाबू पांढरं धोतर नेसून घरोघर फिरतोय. सगळे वाकतायत त्याला. न वाकून सांगतात कुणाला!"

मी खीर खात होते. तिला थांबवायला हवं होतं, नाही थांबवलं.

"गुरुबारीकडे मात्र कुणी गेलं नाही. तुरुंगवाल्याच्या दारात कोण जाणार? माझी बहीण राहते तिच्या शेजारी. म्हातारीनं नवा तांदूळ पानात बांधून शिंक्यावर ठेवलाय. म्हणते, पोरगा येऊन देईल तेव्हा खाईन. तोवर जुन्या तांदळाचा पखाळ, पाण्यात भिजवलेला शिळा भात." मग मान वेळावून म्हणाली, "तुम्हा कटकवाल्यांना नाही कळायचं ते."

  खीर अर्धी राहिली, आणि मावशी गेल्यावर मी रडले. कुणी पाहिलं नाही. पन्नाशी उलटलेली बाई खिरीच्या वाटीसमोर बसून रडते!

११ सप्टेंबर

बिगन साव बोलला.

तपास अधिकारी त्याच्या गावी जाऊन जबाब घेऊन आला. होताबाबूंनी कागद पुढे केला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. मला पाठ झालाय तो आता —

"सगळे मारत होते. कोण ते ठाऊक नाही, आम्ही त्या गावात नवे. मग एक माणूस वाकला. खांद्यावरचा गमछा काढून माझ्या डोक्याला आवळून बांधला. म्हणाला, झोपू नकोस, डोळे उघडे ठेव, माझ्याकडे बघ. लोक त्याच्याही पाठीत लाथा घालत होते. तो होता म्हणून मी आहे. त्याला माझा नमस्कार सांगा."

फोटो दाखवल्यावर सुबलवर बोट ठेवलं.

आणि बाकीच्या दहांचे फोटो? एकही ओळखता आला नाही. जमिनीवर पडून लाथा खाणाऱ्याला तोंडं कशी दिसणार? त्याला एकच तोंड आठवतं — जे खाली वाकलं ते.

व्हिडिओ पुन्हा लावला. तेच हात, तोच गमछा. सुबलची पाठ दोनदा हिसका खाते. लाथ बसल्यावर खाते तशी. हे मी आधीही पाहिलं असणार ना? डोळे उघडेच होते माझे. मला वाटलं होतं तो जोर लावतोय!

सगळी रीतच अशी आहे आमची. वेगळा दिसेल तो शोधा. जो गर्दीत मिसळला त्याचं कृत्य अस्पष्ट, तो घरी. जो पुढे झाला, वाकला, ज्याचे हात दिसले, त्याचं कृत्य विशिष्ट, तो आत. रीत खोटी नाही, दुसरी कुठली मला सुचतही नाही. पण ती चालवणाऱ्यानं जरा थांबून बघायला हवं होतं. मी नाही बघितलं.

१५ सप्टेंबर

लिप्साचा नवा अर्ज. होताबाबू उठून म्हणाले, "सरकारची हरकत नाही." आणि लगेच बसले.

जामीन दिला. साध्या जातमुचलक्यावर, जामीनदारही मागितला नाही. आदेशात लिहिलं — "परिस्थितीत बदल झाल्याने." काय बदललं? मे महिन्यात त्यानं जे केलं तेच सप्टेंबरातही केलेलं आहे. पण न्यायाधीश 'चुकलं' असं लिहीत नाही, तशी पद्धत नाही. एकदा लिहून बघितलं मसुद्यात. मग खोडलं.

नाएकचा जामीन रद्द करायचा अर्ज होताबाबू करतील का? म्हणाले, "आधार काय दाखवू मॅडम? जखमी तर ओळखत नाही." बरोबर आहे. तेही बरोबरच आहे!

१७ सप्टेंबर

मावशीकडून कळलं. सुबल बसनं आला. हार नाही, जीप नाही. बहिणीनं भिंतीवरून पाहिलं — आल्या आल्या अंघोळ केली, शिंक्यावरचं पान काढलं, देवीपुढे ठेवलं, आईच्या हातावर चार दाणे घातले. म्हातारीनं ते चावता चावता त्याला एक चापट मारली म्हणे. "कुणाच्या मध्ये पडायला कुणी सांगितलं होतं तुला?"

मग शेजारीपाजारी आले. आता जुहार करायला.

"बरं झालं," मी म्हटलं.

मावशी स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आदळायला लागली. 

९ ऑक्टोबर

तारीख होती. अकराही जण हजर. दोषमुक्तीच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत सुबल अजून आरोपीच. नाएक पुढे, चकचकीत बूट. सुबल सर्वांत मागे, दोन्ही हात पाठीशी बांधून उभा.

शिपाई ओरडला, "ए, हात पुढे घे! साहेबांसमोर उभा कसा राहतोस?" त्यानं हात जोडले. मी खाली बघून लिहायला लागले, पुन्हा वर बघते तर हात मागे. उद्धटपणा नव्हता चेहऱ्यावर. सवय लागल्यासारखं. तुरुंगात मोजणीला तसंच उभं करत असतील.

मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. 'पुढची तारीख' म्हटलं.

६ नोव्हेंबर

सुबल दोषमुक्त. आदेशात या वेळी मुद्दाम एक ओळ घातली — "या इसमाने जखमीचा जीव वाचवला, हे न्यायालय नोंदवते." लिप्सा भर कोर्टात रडली. सुबलनं मान हलवली, सही केली, गेला. मला हलकं वाटलं. फार दिवसांनी जेवण गेलं. निदान एवढं तरी निस्तरलं गेलं म्हणायचं.

नवऱ्याला फोन केला. जेवलीस का विचारायच्या आधीच सांगितलं, जेवले.

२४ नोव्हेंबर

सात नवे जामीन अर्ज. पुन्हा कुसुमडिहीचा बाजार. बकरी चोरल्याच्या संशयावरून एकाला मारलं, मेलेल्याची ओळख पटलेली नाही. मारणारे पांगल्यावरही तो बराच वेळ जिवंत होता. सगळा बाजार भोवती गोल करून उभा. पोलीस येईपर्यंत एकही जण जवळ गेला नाही, पाणीसुद्धा दिलं नाही. साक्षीदारांत एक नाव — सुबल मेहेर, विणकर. जबाब चार ओळींचा:

"श्वास चालू होता, मला दिसत होतं. रक्त डोक्यातून येत होतं. गमछा माझ्या खांद्यावर होता. व्हिडिओ बघा हुजूर, माझे हात मागेच आहेत."